पहाटे साडेतीनचे गरम पाणी

सोलापुरात सध्या एक नवा प्रश्न घरोघर ऐकू येतो. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या बंद. दिवाळीला आणि गड्ड्याच्या यात्रेला त्या उघडायच्या, झाडायच्या आणि पुन्हा कुलूप लावायचे. मग कुणीतरी सांगते, या खोल्या मोबाइलवर टाका. एक-दोन रात्रींचे पाहुणे येतात, भाडेकरूसारखे ठाण मांडून बसत नाहीत, पैसेही बरे मिळतात. इथवर सगळे सोपे असते. अडते ते पुढे. पाहुण्यांसाठी खोलीत ठेवायचे काय?

निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे माणसे अशा वेळी हक्काने येतात. कर्ज मिळेल का, हे विचारण्याच्या निमित्ताने येतात आणि खिशातून यादी काढतात. एसी, भिंतीवरचा मोठा टीव्ही, वायफाय, छोटा फ्रीज, छतातून पडणारा शॉवर. एका उत्साही गृहस्थांच्या यादीत बाथटबही होता. शंभरावर किलोमीटरवरच्या उजनी धरणातून ज्या गावाला पाणी येते, ज्या गावातल्या बायकांनी वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवस नळाची वाट पाहिली आहे, त्या गावात बाथटब! मी त्यांना एवढेच विचारले, की त्यात बसणार कोण? त्यांना उत्तर सुचले नाही. खरी अडचण इथेच आहे. या याद्या येणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या नसतात, दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीचे फोटो पाहून केलेल्या असतात.

वास्तविक आपल्या जिल्ह्याला या धंद्याची शिकवण बाहेरून घेण्याची गरज नाही. एअरबीएनबी या जगभर पसरलेल्या कंपनीची जन्मकथा आता बरीच प्रसिद्ध आहे. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को शहरात एक परिषद भरली होती, हॉटेले भरून गेली होती आणि दोन तरुणांकडे घरभाड्याला पैसे नव्हते. त्यांनी दिवाणखान्यात हवा भरायच्या तीन गाद्या टाकल्या, सकाळची न्याहारी देऊ म्हणून सांगितले आणि तीन पाहुणे ठेवून घेतले. पुढच्या वर्षी कंपनी उभी राहिली. ही कथा पंढरपुरात सांगितली तर ऐकणारा म्हणेल, मग यात नवे काय? आषाढीला गावात लाखो माणसे उतरतात, आणि घरमालक स्वतः स्वयंपाकघरात किंवा गच्चीवर सरकून बाकीचे घर वारकऱ्यांना देतो, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. एकेका दिंडीची उतरण्याची जागा ठरलेली. आजोबा ज्या वाड्यात उतरले, त्याच वाड्यात नातू उतरतो. तुळजापुरातही तेच. पुजाऱ्याच्या घरी यजमान कुटुंब उतरते, तिथेच जेवते, आणि त्याचे नाव वहीत असते. कोकणात अलिबाग-मुरुडपासून गणपतीपुळ्यापर्यंत 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशा पाट्या मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

या सगळ्या ठिकाणी यजमानाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: आपल्याकडे येणारा माणूस कशासाठी आला आहे. सोलापूरच्या घरमालकाने तेवढे ठरवले तरी यादी आपोआप निम्मी होते.

सोलापुरात कोण येते? थंड हवा खायला कुणी येत नाही, समुद्र पाहायला नाही. मोठा वर्ग आहे तो देवदर्शनाला येणाऱ्यांचा. पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, अक्कलकोट चाळीसच्या आसपास, आणि अक्कलकोटच्या पलीकडे कर्नाटकाच्या हद्दीत गाणगापूर. मुंबई-पुण्याहून रेल्वेने यायचे, सोलापुरात मुक्काम टाकायचा, गाडी ठरवायची आणि दोन दिवसांत तीन-चार देव उरकायचे. 'उरकायचे' हा शब्द भाविकांना रुचणार नाही, पण चालते ते असेच. दुसरा वर्ग दवाखान्यांचा. धाराशिव, कलबुर्गी, विजापूर या भागातले रुग्ण मोठ्या संख्येने सोलापुरात येतात आणि त्यांच्यामागे दोन-तीन नातेवाईक येतात. तिसरा वर्ग लग्नकार्याला, परीक्षेला, कोर्टाच्या तारखेला येणाऱ्यांचा. या शेवटच्या वर्गाला स्वच्छ गादी, एक टेबल-खुर्ची आणि रिक्षा मिळण्याची खात्री पुरते. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

देवदर्शनाचा पाहुणा घ्या. सहसा तिघा पिढ्या एकत्र असतात. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि एक-दोन मुले. विठ्ठलाचे दर्शन लवकर घ्यायचे असो की तुळजापूरच्या अभिषेकाच्या रांगेत लवकर लागायचे असो, त्यांना पहाटे चारला निघायचे असते. आणि अंघोळ केल्याशिवाय आजी उंबरठा ओलांडत नाहीत. म्हणजे साडेतीनच्या सुमारास सहा माणसांना गरम पाणी हवे. हा साधा हिशेब मी याद्या घेऊन येणाऱ्यांना कागदावर करून दाखवतो. १५ लिटरच्या गीझरमधून एका दमात जेमतेम दोन बादल्या अंघोळीचे पाणी निघते. पुढच्या दोन बादल्यांसाठी वीसएक मिनिटे थांबायचे. सहा माणसांच्या सहा बादल्या म्हणजे तीन फेऱ्या, वर प्रत्येकाचा अंघोळीचा वेळ. पहिल्याने तीनच्या आधी उठावे, तेव्हा शेवटचा चारला गाडीत बसेल. मोठ्या टीव्हीच्या पैशांत सौरबंब बसतो की नाही ते पाहा, असे मी सुचवतो. सोलापुरात आणखी कशाची टंचाई असेल, उन्हाची नाही. आदल्या दिवशी तापलेले पाणी टाकीत पहाटेपर्यंत चांगले गरम राहते. मात्र दोन गोष्टी विक्रेता आपण होऊन सांगत नाही. बोअरचे क्षारयुक्त पाणी काचेच्या नळ्यांत चुना धरते, तेव्हा आपले पाणी कोणते आहे हे आधी बघावे. आणि आषाढात पाऊस पडो न पडो, आभाळ मात्र भरून येते. नेमकी गर्दी तेव्हाच असते. म्हणून जोडीला गीझर ठेवावा लागतोच.

शॉवरविषयी माझे मत बऱ्याच जणांना जुनाट वाटते. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जाते. माणूस त्याखाली पाच मिनिटे उभा राहिला तरी दोन-तीन बादल्यांचा चुराडा. टँकर मागवायची वेळ आली की हा चुराडा रुपयांत दिसतो. स्वच्छ बादली, तांब्या, आणि बसायला भक्कम प्लास्टिकचे स्टूल. या स्टुलाची किंमत फारच थोडी, पण गुडघे दुखणाऱ्या आजींना त्याचे मोल गरम पाण्याइतकेच. त्याच आजींसाठी कमोड हवा, कमोडशेजारच्या भिंतीत धरायला एक दांडी हवी, आणि त्यांची खोली तळमजल्यावर हवी. आपल्याकडे उलटे होते. तळमजल्यावर यजमान राहतात आणि पाहुण्याला वीस पायऱ्या चढून वर पाठवतात, कारण वरचा मजला 'मोकळा' आहे.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि रात्री भिंती हाताला लागत नाहीत. तेव्हा थंडावा हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो एसी की कूलर हा. कूलर म्हणजे ओल्या वाळ्यावरून किंवा गवतावरून वारा ओढून घेणारे यंत्र. पाण्याची वाफ होताना हवा गार पडते. हवा जितकी कोरडी, तितका कूलर चांगला. म्हणून तो कोकणात निकामी आणि सोलापुरात उत्तम. विजेचा खर्चही एसीच्या मानाने नगण्य. पण मोठा कूलर रात्रभरात तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, आणि ते पाणी खोलीतल्या दोघांच्या अंघोळीचे असते. माझा कल असा, की ज्याच्या घरी पाण्याची साठवण भक्कम आहे त्याने कूलर घ्यावा, ज्याची नाही त्याने वीजबिल सोसून एसी. आणि दोघांनीही गच्चीला पांढरा चुना मारावा. तो दोन्हींपेक्षा स्वस्त आहे, आणि खोली निश्चित थोडी निवते. पण चुन्याचा फोटो मोबाइलवर टाकता येत नाही, म्हणून तो कुणाच्या यादीत नसतो.

अंथरुणाबद्दल एक गमतीदार गोष्ट. सोलापूरच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक निर्देशन मिळालेले आहे, इथला टॉवेल परदेशात जातो. आणि मी पाहिलेल्या पाच नव्या 'होम स्टे' खोल्यांपैकी चारांत पॉलिस्टरच्या गुळगुळीत ब्लँकेटी होत्या, त्यांवर वाघाचे चित्र. पाहुण्याने सोलापुरात यायचे आणि वाघ पांघरायचा! हॉटेलवाले पांढरी चादर घालतात त्याला कारण आहे, ती मळली की लगेच दिसते आणि स्वच्छ असली की तेही दिसते. तेव्हा गादीवर पांढरे सुती पलंगपोस आणि पायथ्याशी घडी घालून सोलापुरी चादर, एवढे केले तरी खोली कुठल्या गावात आहे हे आत शिरताच कळते. चादर जड असते, लवकर वाळत नाही, म्हणून खोलीमागे निदान तीन ठेवाव्यात. टॉवेलही तसेच. दर पाहुण्याला धुतलेला टॉवेल द्यायचा तर एक वापरात, एक दोरीवर, एक कपाटात असा तिहेरी साठा लागतो. हे ज्याला जमत नाही त्याने खोली देऊ नये, इतके स्पष्ट माझे मत आहे.

जेवणाचे सगळ्यांनी करावे असे नाही. पण न्याहारीला ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवणे कुणालाही जमते. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, पहाटे उठून करावी लागत नाही, आणि दर्शनाच्या रांगेत पिशवीतून काढून खाता येते. मुंबईचा पाहुणा उपम्याची आठवण ठेवत नाही, शेंगाचटणीचा पत्ता मात्र विचारून घेतो.

दवाखान्याच्या पाहुण्याचे प्रकरण वेगळे आहे, आणि त्याकडे फार थोड्या घरमालकांचे लक्ष जाते. रुग्ण आत, नातेवाईक बाहेर. त्यांना देखावा नको, टीव्ही नको. त्यांना लागते एक शेगडी, एक कुकर, दोन पातेली आणि झाकणाचा डबा. म्हणजे मऊ भात किंवा पेज करून दवाखान्यात नेता येते. कपडे धुवायला दगड आणि वाळत घालायला दोरी. आणि स्वतंत्र किल्ली, कारण रात्री दोनला फोन आला की उठून जायचे असते आणि पहाटे कधीतरी परत यायचे असते. अशा वेळी यजमानाला उठवण्याचा संकोच हा माणसाला फार जाचतो. सोलापूरला इथे एक जन्मजात फायदा आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा आपल्या गल्ल्यांत रोज बोलल्या जातात. कलबुर्गीकडच्या खेड्यातून आलेल्या बाईला दारातच कन्नडमध्ये 'जेवण झाले का' असे विचारणारे कुणी भेटले, तर एसी चालू आहे की बंद याकडे तिचे लक्षही जाणार नाही.

इथवर वस्तूंचे झाले. पण प्रत्येक सोयीमागे कुणीतरी उठलेले असते. नोकरीच्या काळात मी असंख्य प्रकल्प अहवाल वाचले; पिठाच्या गिरणीचे, शेळीपालनाचे, खाणावळीचे. त्यांत यंत्राचा घसारा नेमाने धरलेला असतो, घरातल्या बाईच्या कंबरेचा घसारा कुठेच धरलेला नसतो. पाहुण्यांच्या खोल्यांचेही तेच होते. घरधनी मोबाइलवर बुकिंग घेतात, पाहुण्याशी गप्पा मारतात, 'आमच्याकडे सगळी सोय आहे' म्हणून सांगतात. चादरी धुते कोण, साडेतीनला चहा ठेवते कोण, संडास घासते कोण? नंतर मोबाइलवर पाहुण्याचा शेरा येतो, 'काका फार प्रेमळ आहेत.' काकूंचा उल्लेख असलाच तर पोह्यांपुरता.

केंद्र सरकारच्या न्याहारी-निवास योजनेची एक अट मला त्यामुळे महत्त्वाची वाटते. खोल्या एकपासून सहापर्यंत चालतात, पण मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असले पाहिजे. याचा अर्थ हा धंदा कुटुंबाचा आहे. कुटुंबातल्या कष्टांचा हिशेब त्यात आला पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये 'आई' या नावाचे महिलांसाठीचे पर्यटन धोरण आणले. त्यात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या महिलेला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळण्याची तरतूद आहे. चांगली गोष्ट आहे. मात्र असा अर्ज घेऊन नवरेमंडळी येतात तेव्हा मी विचारतो, पैसे कुणाच्या खात्यात जमा होणार? अर्जावर सही तिची आणि खाते यांचे, असे असेल तर व्याज वाचेल, बाकी काही बदलणार नाही. आणि पैसे तिच्या खात्यात येत असतील तर यादी तिला करू द्यावी. तिच्या यादीत कपडे धुण्याचे यंत्र पहिले असेल, टीव्ही शेवटी. रोज निभावता येईल तेवढीच सोय ती लिहील, कारण निभावायची तिलाच असते.

यादीत नसलेली आणखी एक गोष्ट आहे. ती विकत मिळत नाही. पाहुण्याचा फोन येतो, खोली मोकळी आहे का म्हणून विचारतो. आहे, म्हणतात. नाव काय? नाव सांगतो. आडनाव? आडनाव सांगतो, आणि खोली अचानक भरलेली असते. कधी धर्मावरून भरते, कधी जातीवरून, कधी बाई एकटीच आहे एवढ्यावरून. मी हे कानांनी ऐकलेले आहे, चांगल्या सुशिक्षित घरांतून ऐकलेले आहे. ओळखपत्र मागणे वेगळे. ते मागावेच, परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांत त्याची माहितीही कळवावी लागते. पण आडनावाची चौकशी ही सुरक्षिततेची काळजी नव्हे.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही, आणि त्यावरचे उत्तरही नवे नाही. मंगळवेढ्याच्या चोखोबांची समाधी पंढरीच्या देवळाच्या दाराबाहेर आहे. त्यांच्याच नावाने गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या वारकऱ्यांना तिथे कुणी उतरून घेत नव्हते. पुढे १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, ते तनपुरे महाराजांच्या मठात. शहाण्यासुरत्या गावात गुरुजींना बसायला जागा देणारा एक मठ निघाला, ही गोष्ट मला उपोषणाइतकीच मोठी वाटते. आज विजापूरकडून आईच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या मुस्लिम कुटुंबाला आपल्या वरच्या मजल्याचे दार उघडत नसेल, तर आतल्या गाद्या किती जाड आहेत याची चर्चा कशाला करायची? धंद्याच्या दृष्टीनेही बघा. ज्या गिऱ्हाइकाला गावात चार ठिकाणी नकार मिळतो, ते पाचव्या घरी एकदा मान मिळाला की पुन्हा दुसरीकडे जात नाही.

पंढरपुरातल्या एका बाईंच्या घरी दाराच्या आतल्या अंगाला लावलेला कागद मी मुद्दाम उतरवून घेतला. यजमानीण विधवा, वय पासष्टीच्या पुढे, दोन खोल्या देतात. कागदावर सुबक अक्षरात लिहिले होते: 'गरम पाणी पहाटे साडेतीनपासून. प्रत्येकी एक बादली. चहा पाच वाजता मिळेल. त्याआधी हवा असल्यास ओट्यावर दूध, साखर, पावडर आहे, करून घ्यावा. ओले कपडे गच्चीवर, खुर्चीवर नव्हे. रात्री बेल वाजवू नये, किल्ली तुमच्याकडे आहे.' खाली दोन्ही खोल्यांचे दर. एकादशीचा दर आणि इतर दिवसांचा दर असा फरक नाही. मी म्हटले, पाणी साडेतीनला आणि चहा पाचला, हा मधला दीड तास पाहुणे कुरकुरत नाहीत?

"कुरकुरतात की," बाई म्हणाल्या. "पण पाणी ऊन तापवतं, चहा मला तापवावा लागतो."